हाफ क्लच

सम्यक मोटरसायकल ढकलतच आला. सर्व्हिस रोडपासून गॅरेजपर्यंत चढ दोनशे पावलांचा, पण एप्रिलचं ऊन आणि गाडी जड. शर्ट पाठीला चिकटला होता. खंडूनं त्याला कोपऱ्यावर वळतानाच पाहिलं. तो एका स्कूटरचे ब्रेक-शू बसवत होता, ते बसवत राहिला.

"लवू, बघ कोण आलाय," तो म्हणाला. "माझा साला. गाडी ढकलण्यात याचा हात कुणी धरणार नाही."

लवू शेजारच्या टपरीत चाव्या बनवायचा. साठीचा माणूस, मूळ सावंतवाडीकडचा, बोलायला कायम मोकळा. तो हसायला गेला, पण सम्यकचं तोंड बघून थांबला.

साला हा शब्द खंडू बावीस वर्षं वापरत होता. त्याचं नंदाशी लग्न झालं तेव्हा तिचा हा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा होता. साला म्हटलं की तो लाजायचा आणि नंदा खंडूच्या पाठीत बुक्की घालायची. नंदा गेल्यावर शब्द तोच राहिला, बुक्की घालणारं कुणी राहिलं नाही.

नंदाला जाऊन येत्या रविवारी वर्ष होत होतं. गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. सगळे म्हणाले, आजकाल साधं असतं. सकाळी ऑपरेशन झालं आणि दुपारी रक्त थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत दोनच बाटल्या होत्या, त्या लावून झाल्या. घरात तो गट एकट्या सम्यकचा. खंडूनं त्याला एक वाजून दहा मिनिटांनी फोन केला. सम्यक भिवंडीच्या गोडाऊनमध्ये कामावर होता. "निघालो दाजी, दीड तासात पोचतो," म्हणाला. पोचला चार वाजून वीस मिनिटांनी. घोडबंदरच्या घाटात गाडी ओढायची बंद झाली, म्हणाला. इंजिन बोंबलतंय आणि चाक फिरत नाही. क्लच स्लिप. हात केला तर कुणी थांबेना, म्हणून गाडी ढकलत वर आणली, उतारावर सोडून दिली, पुढं परत ढकलली. त्याचं रक्त घेतलं, तपासायला पाठवलं. तपासणी व्हायच्या आत नंदा गेली. "दोन तास आधी मिळालं असतं तर वेगळं असतं," एवढंच डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

त्या दोन तासांचं काय करायचं हे खंडूला कळेना. मग त्यानं ते सम्यकच्या गळ्यात घातले. ती मोटरसायकल त्यानं स्वतः दहा दिवस आधी सर्व्हिस केली होती. मी सर्व्हिस केलेली गाडी दहा दिवसांत क्लच सोडत नाही, असं तो भेटेल त्याला सांगायचा. नंदाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यानं सम्यकला दारातच अडवलं. चाळीस माणसांसमोर म्हणाला, "हा लहानपणापासून सुईला घाबरतो. कुठंतरी झाडाखाली बसून वाट बघत होता, दुसरं कुणी रक्त देईल म्हणून." सम्यक लहानपणी सुईला घाबरायचा हे खरंच होतं. त्यामुळे बाकीचंही लोकांना खरं वाटलं.

वाटलं नाही ते एकट्या मनालीला. मनाली म्हणजे खंडूची मुलगी, वीस वर्षांची, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. गेल्या आठवड्यात ती बापासमोर उभी राहिली होती. "आईच्या स्मृतिदिनाला मामा नसेल तर मी पण नाही बसणार. तुम्ही मेकॅनिक आहात ना पप्पा? मग त्याला नुसत्या शिव्या काय देताय? गाडी उघडा आणि बघा."

म्हणून आज सम्यक गाडी घेऊन आला होता.

"दाजी," तो म्हणाला आणि स्टँड लावला. "मुलुंडवरून टेम्पोत घालून आणली. टेम्पोवाला वर यायला तयार नव्हता."

"बस की. दमला असशील. तुला दमायची सवय आहे."

सम्यक बसला नाही. "त्या दिवसानंतर मी ही चालवलीच नाही म्हणा. आमच्या मुलुंडच्या एका मेकॅनिकला दाखवली, त्यानं केबल ओढून दिली. फरक नाही पडला. मग ठेवून दिली बिल्डिंगखाली. ऑइल-बिइल काही बदललं नाही. जशी होती तशी आहे."

"जशी होती तशी." खंडूनं हात पुसले. "म्हणजे मुद्देमाल सीलबंद आणलाय साहेबांनी. ऐकलंस का लवू?"

"अरे बघ ना गाडी," लवू म्हणाला. "बोलान काय होतला?"

खंडू उठला. तोंड कसंही असलं तरी हात त्याचा सरळ काम करायचा. आधी क्लचची लिव्हर दाबून बघितली. टोकाला मुळीच ढील नव्हती, मुलुंडवाल्यानं केबल पार ताणली होती. ती त्यानं तशीच ठेवली आणि किक मारली. किक पोकळ गेली. पायाखाली जो जोर यायला पाहिजे तो आलाच नाही. तिसऱ्या-चौथ्या किकला इंजिन सुरू झालं. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, पुढचा ब्रेक आवळून धरला आणि रेस देत लिव्हर हळूहळू सोडली. धड क्लच असेल तर असं केल्यावर इंजिन गचका खाऊन बंद पडतं. हे बंद पडलं नाही. ब्रेक आवळलेला, लिव्हर पूर्ण सुटलेली, आणि इंजिन आपलं मजेत बोंबलत होतं.

"घसरता की रे," लवू म्हणाला.

सम्यकच्या तोंडावर वर्षात पहिल्यांदा थोडं काहीतरी आलं. "मी हेच सांगत होतो दाजी. अगदी अस्संच."

"आज घसरतेय," खंडूनं इंजिन बंद केलं. "वर्षभर उभी असलेली गाडी. कुणा गाढवानं केबल ओढलेली. आजचं कोण विचारतंय? त्या दिवशी घसरत होती का, ते बघायचंय."

"ते कसं कळणार?"

"मला कळतं." खंडूनं दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून दाखवले. "क्लच म्हणजे काय, तर प्लेटांची चळत. एक लाइनिंगची, एक लोखंडी, एक लाइनिंगची, एक लोखंडी. एकमेकींना दाबून धरतात तेव्हा गाडी पुढं जाते. भर घाटात, लोड घेऊन त्या घसरल्या ना, तर लोखंडी प्लेट तापून निळी पडते. जळलेल्या तव्यासारखी. तो डाग वर्षानं जात नाही, दहा वर्षांनी जात नाही. निळ्या निघाल्या तर तू खरा. रविवारी ये, तिच्या फोटोसमोर पहिल्या रांगेत बस, मेणबत्ती तू लाव. नाही निघाल्या तर रविवारी दिसायचं नाहीस. परत कधीच दिसायचं नाहीस. मनालीला फोन पण नाही."

"चालेल," सम्यक लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की खंडूला त्याचा राग आला.

"लवू, तू साक्षीला."

"गाडी खोटा बोलत नाय," लवू म्हणाला. "उघड तू."

खंडूनं इंजिनखाली मापाचं भांडं सरकवलं आणि ऑइलचा बोल्ट सोडला. जुनं ऑइल तो नेहमी मापातच काढायचा. किती उरलंय यावरून इंजिन किती पितंय ते कळतं. काळी धार पडत राहिली, बारीक झाली, थेंबावर आली. तोपर्यंत तो सम्यकला बोलतच होता.

"घाटात किती वेळ ढकललीस म्हणालास?"

"तासभर तरी. वरपर्यंत."

"तासभर. आणि टाकून का नाही आलास? ट्रकवाल्याच्या पाया पडायचं, कुणाच्या मागं बसायचं. बहीण मरतेय आणि हा गाडीला मिठी मारून बसलाय."

"हात करत होतो दाजी. कुणी थांबेना. मला वाटलं, वर पोचली की उतारावर जाईल, चालत जाण्यापेक्षा लवकर…" हे सम्यकनं वर्षभरात बऱ्याच जणांना सांगितलं असावं. "आणि तुम्ही सर्व्हिस केलेली होती ना. मला वाटत होतं, तुमच्या हातची गाडी आहे, थंड झाली की पकडेल. तुमच्या हातची गाडी दगा देणार नाही."

खंडूनं मापाकडं बघितलं.

आठशे.

या मोटरसायकलला लिटरभर लागतं. कमी झालं म्हणावं तर गाडी धूर काढत नव्हती, कुठं गळतीचा डाग नव्हता. आणि कमी झालं असतं तर नऊशे वीस, आठशे सत्तर, काहीही झालं असतं. हे बरोबर आठशेच्या रेषेवर होतं. आठशे हे स्कूटरच्या ऑइलच्या बाटलीचं माप. खंडू दिवसाला पाच-सहा बाटल्या तरी रिकाम्या करायचा.

त्यानं बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. मग दुसऱ्या बोटावर घेऊन चोळलं.

"काय झालं?" सम्यकनं विचारलं.

"काय व्हायचंय? कव्हर काढलं की पॅकिंग फाटणार. नवीन लागेल. स्टेशनजवळच्या पार्ट्सवाल्याकडून घेऊन ये. मॉडेल सांग, तो देईल."

"आत्ता? उघडल्यावर नको का?"

"गाडी ठेवून जायचं शिक जरा. जा. चालत जा, तुला सवय आहे."

सम्यक गेला. थोड्या वेळानं एक बाई लवूला बोलवायला आली, तिच्या कपाटाची चावी हरवली होती. लवूही पिशवी घेऊन तिच्याबरोबर गेला. "माका सोडून उघडू नको हां," असं जाता जाता म्हणाला. खंडूनं मान हलवली आणि दोघं कोपऱ्यापलीकडं गेल्यावर पाना घेतला.

किक काढली. कव्हरचे बोल्ट काढले, ज्या जागेचे त्या क्रमानं पुठ्ठ्यात टोचून ठेवले. कव्हरला लाकडी हातोडीनं दोन टोले दिले, ते सुटलं. स्प्रिंगचे चार बोल्ट काढले. मग एकेक प्लेट बाहेर ओढली आणि पुसून गोणपाटावर ठेवली.

लाइनिंगच्या प्लेट जाड होत्या. कॅलिपर लावून बघितलं, झिजलेल्या नव्हत्या. वर्ष-दोन वर्षं आरामात गेल्या असत्या. फक्त तोंडं चकाकत होती, काचेसारखी. लोखंडी प्लेट चार. चारही निळ्या. कडेला जांभळ्या, आत निळ्या, एकीवर तर मोराच्या पिसासारखे डाग.

म्हणजे घाटात गाडी घसरली होती. सम्यक म्हणाला होता तशीच, म्हणाला होता तेवढीच.

खंडू स्टुलावर बसला.

स्कूटरचा क्लच वेगळा असतो, कोरडा, इंजिनच्या ऑइलशी त्याचा संबंध नाही. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणून दोघांचं ऑइल वेगळं. स्कूटरचं ऑइल जास्त निसरडं. ते मोटरसायकलमध्ये टाकलं तर इंजिन मस्त चालतं, पण प्लेट एकमेकींना धरत नाहीत. सपाटीवर हळू चालवलं तर कळतही नाही. चढ आला, लोड आला, की सोडून देतात. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. खंडू तीस वर्षं हे काम करत होता.

त्याला तो दिवस आठवला. भीमजयंतीला दोनच दिवस उरले होते. वस्तीतल्या प्रत्येकाला मिरवणुकीसाठी गाडी तयार हवी होती. दारात अकरा स्कूटर उभ्या होत्या आणि बारावी ही मोटरसायकल. मोटरसायकलचं ऑइल सकाळीच संपलं होतं, खोका जयंतीनंतर येणार होता. तो सम्यकला नंतर ये म्हणून सांगणारच होता. पण नंदा डबा घेऊन आली होती, याच स्टुलावर बसली होती, आणि म्हणाली, "अहो, समूची गाडी आजच द्या. झेंडा लावून न्यायचीय त्याला." मग तिनं ऑपरेशनचा विषय काढला. "मला भूल दिल्यावर जागच नाही आली तर?" खंडू तिच्याकडं बघून म्हणाला, "तर काय, दुसरी करीन." ती हसली, तोही हसला. हसता हसता त्याच्या हातानं आधीच्या अकरा वेळा उचललेली तीच बाटली बाराव्या वेळी उचलली, झाकण काढलं आणि उलटी केली. त्यानं हाताकडं बघितलंच नाही. तो तिच्याकडं बघत होता.

मिरवणुकीनंतर सम्यकचा फोनही आला होता. "दाजी, गाडी जरा जड वाटतेय, चढावर रेस जास्त घेते." खंडू म्हणाला होता, "तुझं बूड जड झालंय. जेवण कमी कर."

गॅरेजबाहेरून रिक्षा गेली, मग पाण्याचा टँकर गेला. खंडूनं घड्याळ बघितलं. सम्यकला जाऊन पंधरा मिनिटं झाली होती. जायला-यायला चाळीस लागतात.

सांगायचं झालं तर सांगायला फार नव्हतं. समू, चूक माझी. एवढंच. पण त्याच्या पुढचं वाक्य आपोआप येणार होतं आणि ते खंडूला ऐकू यायला लागलं होतं, मनालीच्या आवाजात. ज्या जागी वर्षभर सम्यकचं नाव होतं त्या जागी आता दुसरं नाव बसवायचं होतं. ते त्याच्यानं होईना. सम्यकला तिथं बसायची सवय झाली होती. चाळीस माणसांसमोर बसवलेला होता, लोकांनी मान्य केलेला होता. अजून एक वर्ष बसला असता, अजून दहा बसला असता. त्याचं काय जाणार होतं, बहीण तर गेलेलीच होती.

खंडूनं ड्रॉवरमधून पॉलिश पेपर काढला. वाटीत रॉकेल घेतलं आणि पहिली प्लेट मांडीवरच्या फडक्यात धरली.

चार प्लेट, आठ बाजू. वरचा निळा पटकन गेला. आतला जाईना. त्यानं जोर लावला. दुसऱ्या प्लेटला पेपर फाटला, नवीन घेतला. तिसरीवर ते मोरपिशी डाग होते. ती त्यानं शेवटी ठेवली आणि तिला सर्वांत जास्त वेळ दिला. नखांच्या कडेला करडी भुकटी साचली. काम तो चांगलं करायचा, हेही चांगलंच केलं. शेवटी चारही प्लेट पांढऱ्या झाल्या, जशा कारखान्यातून येतात. लाइनिंगच्या प्लेटांवरची काचही त्यानं हलक्या हातानं उतरवली. भुकटी फुंकली, फडकं आणि पेपर कचऱ्याच्या डब्यात तळाला दाबले, मापातलं ऑइल जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये ओतून टाकलं. मग हात धुतले आणि प्लेट गोणपाटावर ओळीनं मांडल्या.

सम्यक परत आला तेव्हा त्याच्या एका हातात पॅकिंग होतं आणि दुसऱ्या हातात ताकाच्या दोन थंड पिशव्या. "ऊन फार आहे दाजी," म्हणत त्यानं एक खंडूपुढं धरली. खंडूनं ती दातानं फोडली आणि पिऊन टाकली.

त्याच्या मागोमाग लवू आला. आणि मनालीही आली, कॉलेजची बॅग खांद्याला, थेट स्टेशनवरून. "मामा!" म्हणत तिनं सम्यकचा दंड धरला. वर्षभर दोघं फक्त फोनवर बोलत होती. "उघडली? काय निघालं?"

"माका सोडून उघडलंस मरे," लवू म्हणाला.

"तू कपाट फोडत बसलास, मी काय तुझी पूजा करू?" खंडूनं एक लोखंडी प्लेट उचलून सम्यकच्या हातात दिली. "घे. सगळ्यांना दाखव. घाटात घसरली असती तर निळी पडली असती. कुठंय निळी?"

सम्यकनं ती उजेडात धरली, फिरवली. दुसरी उचलली, तिसरी उचलली. चौथी उचलताना त्याची घाई दिसायला लागली.

"निळ्या नाहीत," मनाली हळू म्हणाली.

"मनू, मी खोटं नाही बोललो."

"पण निळ्या नाहीत ना मामा."

"एवढ्या चकचकीत कशा रे?" लवूनं विचारलं.

"ऑइलमध्ये बुडलेल्या असतात, गंजणार आहेत का? तुझ्या चाव्या नाहीत त्या." खंडूनं लाइनिंगच्या प्लेटला कॅलिपर लावला आणि मनालीपुढं धरला. "वाच. तूच वाच. तीनच्या जवळ आहे ना? नवी पण एवढीच असते. ही प्लेट घाटात जळली म्हणतोय तुझा मामा."

मनालीनं वाचलं. तिनं सम्यकचा दंड सोडला होता. कधी सोडला ते तिलाही कळलं नसावं.

सम्यक उकिडवा बसला होता, प्लेट हातात. "मला आठवतंय दाजी. इंजिन ओरडत होतं. चाक नव्हतं फिरत. मला वासही आला होता जळल्याचा."

"आठवतं ते सगळं खरं असतं का? मला आठवतं की ती घरी परत येणार होती."

खंडूनं प्लेट त्याच्या हातातून काढून घेतली आणि कामाला लागला. प्लेट बसवल्या, स्प्रिंग बसवले, बोल्ट समोरासमोरचे एकेक करून आवळले. नवीन पॅकिंग, कव्हर, किक. मोटरसायकलच्या ऑइलची बाटली फळीवरून घेतली, तिच्यावरची अक्षरं एकदा वाचली आणि लिटरभर ओतलं. लिव्हरच्या टोकाला बोटभर ढील ठेवली. ब्रेक आवळून चौथ्या गिअरमध्ये लिव्हर सोडली. इंजिन जागच्या जागी गचका खाऊन बंद पडलं.

"पुलावर जाऊन ये," तो सम्यकला म्हणाला. "चढ आहे. बघ."

सम्यक गेला. सगळ्यांना आवाज ऐकू येत होता. गाडी पुलाला लागली, गिअर बदलला, आणि आवाज न फाटता वर गेला. तो परत आला तेव्हा गाडीवरून उतरला नाही, तसाच बसून राहिला.

"झकास ओढतेय दाजी. पहिल्यासारखी." त्यानं टाकीवर हात फिरवला. "पण दाजी, प्लेट चांगल्या होत्या, तुम्ही तर काहीच नवीन टाकलं नाही. मग मगाशी का घसरत होती?"

लवूनं खंडूकडं बघितलं. मनालीनंही बघितलं. पोरगा काही हुशारी करत नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं.

खंडू पुढं झाला. सम्यकचा डावा हात मुठीवर होता आणि त्यातली दोन बोटं लिव्हरवर होती, गाडी उभी असताना सुद्धा. ट्रॅफिकमध्ये चालवणाऱ्या निम्म्या मुंबईची असतात तशी. खंडूनं ती बोटं धरली आणि वर केली, सगळ्यांना दिसतील अशी.

"यामुळं," तो म्हणाला. "हाफ क्लच. लिव्हरवर बोटं टाकून चालवतोस तू. एवढीशी दाबलेली राहते, तुला कळत पण नाही. आज मुलुंडवाल्यानं ताणलेल्या केबलमुळं घसरली, ते वेगळं. पण त्या दिवशी घाटात यामुळं घसरली. प्लेट जळायच्या थराला गेलीच नाही. बोटं उचलली असतीस ना, तर गाडी चढली असती."

"नुसती बोटं उचलली असती तर?"

"दहा मिनिटांत वर होतास."

"सगळेच ठेवतत रे तशी," लवू म्हणाला.

"सगळ्यांच्या बहिणी ऑपरेशनच्या टेबलावर नव्हत्या."

सम्यकनं आपल्या बोटांकडं बघितलं. वर्षभर खंडूनं त्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं, भित्रा म्हटलं, दारातून हाकललं, तरी तो मोडला नव्हता. खरं काय ते आपल्याला माहीत आहे, एवढं त्याच्याकडं होतं. आता तेही राहिलं नाही.

"म्हणजे मी तासभर ढकलत होतो ती…"

"चांगली गाडी ढकलत होतास."

"दाजी," सम्यकचा आवाज फाटला, "मला माहीत नव्हतं हो. खरंच माहीत नव्हतं."

"म्हणून तर खोटं बोललास असं आता म्हणत नाही मी," खंडू म्हणाला. "तो शब्द मागं घेतो. लवू, तुझ्यासमोर मागं घेतला."

मनाली रडत होती, पण मामाच्या जवळ गेली नाही. "मामा, रविवारी…" एवढंच म्हणाली.

"नको मनू. ठरलं होतं आमचं." सम्यकनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "आणि ठरलं नसतं तरी मला नसतं जमलं. ताईच्या फोटोला कुठल्या हातानं मेणबत्ती लावू?"

त्यानं गाडी सुरू केली. निघताना डाव्या हाताची चारही बोटं मुठीभोवती घट्ट आवळली, जणू एखादं बोट सुटलं तर कुणीतरी मरेल. कोपऱ्यावर गिअर बदलायला लिव्हर धरायची वेळ आली तेव्हा तो घाबरला, गाडी गचके खात जवळजवळ बंद पडली. मागचा रिक्षावाला ओरडला. मग तो वळला आणि दिसेनासा झाला.

लवू टपरीत जाऊन बसला. मनाली बराच वेळ कोपऱ्याकडं बघत राहिली. मग बापाजवळ आली, स्टुलावर बसली.

"सॉरी पप्पा," ती म्हणाली. "मी वर्षभर उगाच तुमच्याशी भांडले."

खंडूनं तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला. हाताला रॉकेलचा वास येत होता, म्हणून तो पँटला पुसला आणि मग ठेवला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मनात धरू नकोस. काही झालं तरी तुझा मामा आहे तो."